ओतून द्यायचं पाणी

"हे भिजवलेलं नाहीये," किमतशो म्हणाला आणि पोत्यात खुपसलेली मूठ त्यानं बाहेर काढली. तळहातावर लाखोळीच्या कडधान्याचे दाणे होते, कोरडे, टणक, एका बाजूनं चेपल्यासारखे.

"नाहीच भिजवलं," अनोरगुल म्हणाली. "भिजवायला पाणी कुठनं आणू, काका? वरचा झरा आटला त्याला दोन महिने झाले. नदीवरनं दोन बादल्या घेऊन गावात चढेपर्यंत निम्मं पाणी सांडतं आणि निम्मी मी. त्यात दाणे तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, परत वाळवा. त्यापेक्षा मलाच नदीत नेऊन ठेवा."

"सासूनं काही सांगितलं नाही तुला?"

"सासूबाई मॉस्कोत जिने पुसतायत. फोनवर म्हणाल्या, न भिजवता खाल्लं तर पोटात वारा धरतो. म्हटलं, आमच्याकडं वाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही."

दाराशी उन्हाच्या पट्ट्यात बसलेला म्हातारा ओदिना खो खो हसला. त्याचं दळण नव्हतंच. तो रोज वरच्या गावातून नुसताच खाली यायचा, दोन घटका बसायचा, आल्यागेल्याला चिमटे काढायचा आणि ऊन सरलं की चढणीला लागायचा.

किमतशोला हसू आलं नाही. तीस वर्षं तो ह्या पाणचक्कीत बसत होता. कुणाच्या घरी काय शिजतं हे त्याला विचारावं लागत नसे, पिठाचा रंग सांगायचा. कित्येक वर्षं तो रंग पांढरा होता, खालच्या शहरातून येणाऱ्या गव्हाचा. ह्या वर्षी मात्र आभाळानं पाठ फिरवली. जव गुडघ्याएवढासुद्धा वाढला नाही. त्यावर कडी म्हणून घाटात अर्धा डोंगर रस्त्यावर येऊन बसला आणि गव्हाचे ट्रक पलीकडेच अडकले. पास्तदार गावात उभं राहिलेलं पीक एकच, लाखोळी. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, कौतुकही लागत नाही. आठवडाभर चक्कीत येणारं प्रत्येक पोतं पिवळं निघत होतं.

लाखोळीचा नियम जुना होता. तीन दिवस भिजवायची, रोज पाणी ओतून नवं घालायचं, मग वाळवून दळायची, आणि एक वाटी लाखोळीला तीन वाट्या जव. नियम कशासाठी हे विचारलं तर म्हातारी माणसंही पोटावर हात ठेवत. गव्हाचे दिवस आल्यावर तर तो नियम कुणाला पाळावाच लागला नव्हता. न वापरलेल्या भांड्यासारखा तो कुठंतरी माळ्यावर पडून होता.

"हे मी दळणार नाही," किमतशो म्हणाला. "चक्कीच्या चराला पाणी आहे. पोतं त्यात बांधून ठेव. वाहतं पाणी आहे, बदलायलाही नको. तीन दिवसांनी ये."

"आणि तीन दिवस नवऱ्याला काय धोंडे वाढू? रस्ता मोकळा करायच्या कामावर जातोय तो. दिवसभर धोंडेच उचलतो. हिच्यात मांसाएवढी ताकद असते म्हणतात. दोन आठवडे हिच्यावरच तर उभाय."

"दोन आठवडे? जव किती घालतेस?"

"घ्या! जव असता तर हिचं तोंड कशाला बघितलं असतं?" अनोरगुलनं चाळणी काखेत मारली. "नसेल दळायचं तर राहू द्या. घरी सासूचं जातं आहे. हात दुखतील, पण ते प्रश्न तरी विचारत नाही."

"जाऊ दे गं पोरी," ओदिना म्हणाला. "आमच्या किमतचे पाय नदीनं नेले आणि डोकं चक्कीनं. त्याच्या नादी लागू नकोस."

तेवढ्यात अनोरगुलचा नवरा आलिफबेक दुसरं पोतं घेऊन वाकून आत आला. बाविशीचा, रुंद खांद्यांचा गडी. पोतं भिंतीशी टाकून तो सलाम म्हणाला, कपाळावरचा घाम पुसला आणि गाढवाकडे बघायला परत बाहेर गेला. चक्कीच्या जमिनीवर कायम पिठाचा थर असतो. त्या थरावर आलिफबेकच्या पावलांचे ठसे उमटले होते. किमतशोनं ते पाहिले आणि काठीवर वाकून पुन्हा पाहिले.

ठशांना टाचा नव्हत्या. नुसते चवडे होते, खोल रुतलेले. तसे ठसे त्या जमिनीवर आजवर एकाच माणसाचे उमटत होते. किमतशोच्या बुटांच्या टाचा नव्या राहायच्या आणि टोकं महिन्याभरात झिजायची.

"आलिफ!" त्यानं हाक मारली. "पाय दुखतात का रे?"

"पाय? नाही हो काका. सकाळी पोटऱ्या जरा धरतात," दारातून उत्तर आलं. "थंडी. रस्त्याच्या कामाला दिवसभर नदीच्या पाण्यात उभं राहायचं म्हणजे धरणारच. तुमच्या घरच्या आजी मोजे विणून देणार आहेत म्हणाल्यात."

दोघांनी पोती परत गाढवावर लादली. अनोरगुल जाताना वळूनसुद्धा बघेना.

*

किमतशोचं घर चक्कीला लागूनच होतं. गाव वर, डोंगराच्या सपाटीवर, आणि हे दोघं मायलेक खाली दरीच्या तळाशी. इथं ऊन दुपारी येई आणि जेवण होईस्तोवर निघूनही जाई. समोर नदी, पाठीमागं कडा. दोन काठ्या टेकत वर गावात जायला किमतशोला अर्धा दिवस लागे, म्हणून तो वर्षातून एकदा, वसंतातल्या सणाला जायचा, तोही गाढवावर बसून. एकेकाळी रुशान गावच्या एका मुलीशी त्याचं ठरलं होतं. ती तिकडेच दुसऱ्या घरी नांदली, तिला आता नातवंडं होती. ह्या घराची दारं उघडीच असत, पण तीस वर्षांत दोघांपैकी कुणी बाहेर पडलं असं म्हणता आलं नसतं.

संध्याकाळी त्याच्या आईनं, दौलतमोनं, चुलीवरून शलजमाच्या कंदांचं सूप उतरवलं. वाडगा भरला, तो दोन्ही हातांनी उचलून आणला आणि किमतशोच्या हातात दिला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हात कापायचे, सूप काठावर डुचमळायचं, पण वाडगा चटईवर ठेवणं तिला मान्य नव्हतं. आपल्या हातानं त्याच्या हातात द्यायचा आणि पहिला घोट त्याच्या घशाखाली उतरला की मगच आपण बसायचं, हा तिचा नेम होता.

"आलिफबेक चालताना डुलतोय म्हणे," ती म्हणाली. "ओदिना सांगत होता. मी म्हटलंच होतं! नदीत उभं करतात पोरांना. त्या चेटकिणीनं माझ्या मुलाचे पाय खाल्ले, तिची भूक अजून भागली नाही."

मग तिनं विणकाम हातात घेतलं. गुडघ्यापर्यंत येणारे जाड लोकरीचे मोजे, लाल आणि काळ्या नक्षीचे. ज्याला ज्याला नदी ओलांडून कामाला जावं लागे, त्या प्रत्येकाला दौलतमोचे मोजे मिळत. मागायला लागत नसत. तीस हिवाळ्यांत तिनं गावातल्या सगळ्या पुरुषांचे पाय झाकले होते.

"उद्या पहिल्या पिठाला देईन त्याला," ती म्हणाली. "आज टाच होईल पुरी."

किमतशो सूप पीत राहिला. ह्या गोष्टीच्या वेळी तो नेहमीच सूप पीत राहायचा.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात खाली मैदानात युद्ध चालू होतं आणि रस्ता बंद होता. त्याआधीचा उन्हाळा असाच कोरडा गेलेला. माघ सरता सरता घरातला जव संपला. चहाची पत्ती डोळ्यांना दिसून वर्ष झालं होतं, माणसं रानातला ओवा उकळून पीत होती. उरली ती लाखोळी. गावातून चौघंजण खालच्या कोठारातून मिळेल ते पाठीवर आणायला जात. तीन दिवस जायला, चार यायला, आणि पूल वाहून गेल्यामुळे दोनदा छातीभर बर्फाळ पाण्यातून. एकवीस वर्षांचा किमतशो त्या चौघांत सगळ्यात दणकट होता.

दौलतमोनं नियम मोडला नव्हता. दाणे भिजवले होते. पण सकाळी मडक्यात जे पाणी उरायचं ते पिवळसर, दाटसर, फेसाळ, डाळीच्या वासाचं. अन्नाला लागलेलं पाणी पायदळी ओतायचं नाही, अशी तिकडची रीत. ते तुतीच्या मुळाशी ओतायचं. तुती अंगणापलीकडे, छातीएवढ्या बर्फात. त्या उपाशी दिवसांत ती मडकं हातात घेऊन दारात उभी राहिली होती, आणि किमतशोला ते आजही जसंच्या तसं दिसे.

"सगळी ताकद ह्या पाण्यातच उतरते," ती म्हणाली होती. "ती त्या झाडाला कशाला पाजू? माझं झाड हे इथं बसलंय."

ती रोज ते पाणी कोमट करायची, मीठ टाकायची, आणि वाडगा त्याच्या ओठांना लावायची. तो निम्मा तिला दे म्हणायचा. ती म्हणायची, मी पोटभर प्याले. ती थेंबही पीत नव्हती हे त्याला ठाऊक होतं, तरी तो प्यायचा, कारण भूक लागलेली होती.

चौथ्या फेरीत, नदीतून बाहेर आल्यावर, त्याला उठता येईना. गुडघे एकमेकांत अडकले. मागाहून आणखी दोघांचे पाय वाकडे पडू लागले. एक पुढं वारला, एक शहरात मुलीकडे गेला. नदी चौघांनी ओलांडली होती, म्हणून नदीवर आळ आला. दौलतमोनं नदीला जे शिव्याशाप द्यायला सुरुवात केली ते आजतागायत.

उन्हाळ्यात खोरोग शहरातल्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, काय खात होतास ते विचारलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"हे बघ, झाडाला पळता येत नाही," त्या म्हणाल्या. "शेळी आली, कीड आली, तरी ते जागच्या जागी. मग ते आपल्या दाण्यात विष भरून ठेवतं, खाणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून. पाऊस कमी पडला की आणखी भरतं. आणि सगळा घोळ असा, की ताकदही त्याच दाण्यात. भिजवलं की विष पाण्यात उतरतं, थोडी ताकदही उतरते, पण तेवढी सोडून द्यायची. ते पाणी ओतून देता ना तुम्ही?"

बाहेर बाकावर दौलतमो बसली होती. दार अर्धवट उघडं होतं.

"देतो," किमतशो म्हणाला.

तेव्हापासून तो मूग गिळून बसला. पुढच्याच वर्षी मदतीचं पीठ आलं, मग गहू आला, लाखोळी शेळ्यांपुढं पडली आणि तीही बेतानं. आपल्या गप्प राहण्यानं कुणाचं काही बिघडत नाही, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खरंही होतं. आजपर्यंत खरं होतं. आता बोलावं तर हिला ह्या वयात कळणार, की नदीनं काही केलं नाही, जे केलं ते हिच्या हातानं केलं. न बोलावं तर आलिफबेक. इकडे आड, तिकडे विहीर. आणि ज्याला धड उडी मारता येत नाही त्यानं तरी कुठं जायचं?

"पीतोस ना?" दौलतमो म्हणाली. "निवतंय."

*

पहिल्या पिठाच्या दिवशी गाव खाली चक्कीवर उतरतं. त्या दिवशीचं पहिलं दळण जवाचंच व्हायला हवं. ह्या खेपेला ओदिनानं आपल्या कणगीच्या तळातून अर्धं पोतं जव आणून दिला. "माझे दात गेलेत," तो म्हणाला, "जवाला आता माझी भीती राहिली नाही." बाहेर मोठ्या कढईत शेवया आणि शलजम शिजत होतं. माणसं दगडांवर, भिंतीवर, जागा मिळेल तिथं बसली होती. कडेला गाढवांच्या पाठीवर लाखोळीची पोती होतीच. पहिलं पीठ झालं की आपापलं दळून घ्यायचं, असा सगळ्यांचा बेत.

गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईनं पिठाचं बोट चक्कीच्या चौकटीला लावायचं असतं. दौलतमो उठली. खोबणीतलं गरम पीठ मुठीत घेऊन तिनं चौकटीवर तीन पट्टे ओढले, सगळ्यांचं बरं होवो म्हणाली, आणि लगेच चोळीतून मोजे काढले.

"आलिफबेक, ये रे. घाल हे. नदीला पाय देऊ नकोस."

आलिफबेक कढईपाशी बसला होता. उठताना त्यानं हात टेकला, सरळ झाला, आणि दोन पावलं टाकली तोच त्याचा उजवा गुडघा डाव्याच्या पुढं आला. तो आडवा झाला. मंडळी हसली. कुणीतरी ओरडलं, "अरे, अजून पीठच दळलंय, दारू नाही गाळली!" आलिफबेकही हसला. उठायला त्याला जरा जास्तच वेळ लागला, आणि अनोरगुल हसत नव्हती.

"माझे पाय नदीनं नेले नाहीत," किमतशो म्हणाला.

तो चक्कीच्या दारात, दोन काठ्यांवर उभा होता. आवाज फार मोठा नव्हता. मागं दगड फिरत होता, म्हणून त्यानं आत हात घालून पाण्याची फळी पाडली. दगड थांबला. इतक्या माणसांत चक्की बंद पडलेली कुणी ऐकली नव्हती.

"लाखोळीनं नेले. न भिजवलेली खाल्ली, किंवा भिजवल्यावरचं पाणी पोटात गेलं, की हे असं होतं. आधी पोटऱ्या धरतात. मग टाचा टेकत नाहीत. मग माझ्यासारखं."

"काहीतरीच!" मागून एक बाई म्हणाली. "थंडीनं झालं तुमचं. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ओदिनाकाका," किमतशो म्हणाला, "त्या हिवाळ्यात तुम्हीही होतात ना चौघांत?"

"होतो म्हणजे? तुझ्या पुढं होतो! तू माझ्या पट्ट्याला धरून पाण्यात उतरायचास."

"तीच नदी, तीच थंडी. मग तुमचे पाय का राहिले?"

"नदीला म्हातारं मांस आवडत नसेल," ओदिना म्हणाला, पण कुणी हसलं नाही आणि त्यालाही ते जाणवलं. त्यानं दाढी खाजवली. "मी लाखोळी खाल्ली नव्हती. मला तिचा वासच सोसायचा नाही. आमच्याकडं सुकी तुती होती, ती चावत राहिलो." त्यानं बोटांवर मोजलं. "बाकीच्या तिघांनी खाल्ली."

अनोरगुल नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता, आणि घाबरलेलं माणूस जसं कुणावर तरी रागावतं तशी ती बोलली.

"काका, पण तुमच्या घरी तर भिजवत होते! आजी नियमाच्या किती पक्क्या, सगळे सांगतात. भिजवूनही झालं ना तुम्हाला? मग आता मी भिजवून काय होणार?"

सगळ्यांच्या माना दौलतमोकडे वळल्या. ती चौकटीपाशीच होती, एका हातात मोजे, दुसरा हात पिठानं पांढरा.

किमतशोनं तिच्याकडे बघितलं नाही.

"आई भिजवायची," तो म्हणाला. "तीन दिवस. रोज पाणी बदलायची. जुनं पाणी मडक्यात घालून माझ्या हातात द्यायची, तुतीच्या मुळाशी ओतून ये म्हणायची. मी घरामागं जायचो आणि पिऊन टाकायचो. भूक लागायची. चोरून प्यायचो. तिला बिचारीला काय माहीत."

चराचं पाणी चक्कीखालून नुसतंच वाहून जात होतं.

"चोर लेकाचा," ओदिना हळूच म्हणाला. त्यात शिवी नव्हती.

आलिफबेक खाली बसून आपल्या पोटऱ्या दाबत होता. "आता काय करायचं, काका?"

"आजपासून एक दाणा तोंडात घालायचा नाही, भिजवलेलासुद्धा नाही. गेलं ते येत नाही. आहे ते बहुतेक राहतं. रस्ता उघडला की खोरोगला दाखवून ये."

"आणि खाऊ काय?"

ओदिना उठला, जवाच्या पिठाचं पोतं त्यानं ओढत आणलं आणि आलिफबेकपुढं टाकलं. "हे संपेपर्यंत हे. मग बघू, कुणाच्या कणगीत काय आहे ते. आता ऐकून घेतलंय सगळ्यांनी, आता कुणी कणगीवर झाकण ठेवू नका."

मग बाप्ये उठले आणि लाखोळीची पोती गाढवांवरून उतरवून चरात सोडू लागले. एकेका पोत्याला दोरी, दोरी दगडाला. थोड्या वेळानं चरातून पिवळसर फेस वाहू लागला आणि नदीकडे निघाला. अनोरगुल डोळे पुसत पुसत स्वतःचं पोतं बांधत होती. गाठ नीट बसली का ते तिनं तीनदा ओढून पाहिलं.

किमतशोनं वळून पाहिलं तेव्हा चौकटीपाशी कोणी नव्हतं. मोजे उंबऱ्यावर ठेवलेले होते. एरवी दौलतमो त्याच्यासाठी थांबायची, उताराच्या दोन पायऱ्या त्याला कोपराला धरून उतरवायची. आज ती एकटीच घराकडे गेली होती.

*

तो घरी पोचला तेव्हा दरीतलं ऊन जाऊन बराच वेळ झाला होता. चूल पेटलेली होती. दौलतमो खांबाशी बसली होती. चटईवर, मधोमध, सुपाचं भांडं ठेवलेलं, शेजारी रिकामा वाडगा आणि डाव.

किमतशो काठ्या भिंतीला लावून बसला आणि सवयीनं हात पुढं केले.

"तुझं तू वाढून घे," ती म्हणाली. "आजपासून."

त्याचे हात तसेच राहिले. मग त्यानं ते खाली घेतले.

"चोरून प्यायचास?" तिनं विचारलं.

"हो."

"घरामागं जाऊन?"

"हो, आई."

"बर्फ होतं छातीएवढं. दार उघडत नव्हतं मागचं."

ती चुलीकडे बघत होती. बोलताना तिचा आवाज चढला नाही, उलट लहान मुलाला समजावून सांगावं तसा मऊ झाला.

"तू तिकडं चोरून प्यायचास. मग रोज सकाळी मी तुझ्या तोंडाला लावायचे, ते काय होतं रे?"

किमतशोनं भांड्यातली वाफ पाहिली. खोरोगच्या दवाखान्यात एका शब्दावर भागलं होतं. तेव्हा समोर परकं माणूस होतं.

"चहा," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात साऱ्या खोऱ्यात चहाची एक पत्ती नव्हती. हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं. दौलतमोनं मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिली.

"हं," ती म्हणाली. "चहाच असेल."

मग तो पुढं सरकला. भांडं जरा लांब होतं, पाय ओढत जावं लागलं. त्यानं वाडगा भरला आणि आधी तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला नाही. त्यानं डावानंच भांड्यातलं सूप तोंडाला लावलं, एक घोट घेतला, आणि सवयीप्रमाणे तिच्याकडे बघितलं, प्यालो म्हणून सांगायला.

ती बघत नव्हती. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते आणि ती त्यांच्यावर घट्ट बसून राहिली होती.